कामगाराची इजा आणि भरपाईचा हक्क : ‘नोकरीमुळे’ व ‘नोकरीच्या ओघात’ ह्या शब्दप्रयोगांचा विचार

साखर कारखान्यात पहारेकऱ्याचे काम करणारा एक इसम २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीवर हजर होण्यासाठी मोटारसायकलवरून निघाला. कारखाना सुमारे पाच किलोमीटर दूर राहिला असता वाटेत अपघात होऊन तो मरण पावला. त्याच्यामागे पत्नी, चार मुले आणि आई असे कुटुंब उरले. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील हे प्रकरण होय. कामगार-नुकसानभरपाईच्या आयुक्तांनी २००९ मध्ये ह्या कुटुंबास ३,२६,१४० रुपये व त्यांवर व्याज देवविले. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो निर्णय रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द करून आयुक्तांचा निर्णय पुन्हा कायम केला. तिन्ही ठिकाणी घटना एकच होती, कायदाही एकच होता. प्रश्न एवढाच होता की, कामाच्या वाटेवर आलेले मरण हे कामामुळे आलेले मरण म्हणता येईल काय? त्याचे उत्तर मिळण्यास बावीस वर्षे लागली.

इजा झाली म्हणजे भरपाई मिळतेच असे नाही. आणि मालकाचा दोष नसला म्हणजे भरपाई मिळत नाही असेही नाही. ह्या दोन टोकांच्या मध्ये कामगाराचा हक्क नेमका कोठे उभा आहे हे समजून घ्यावयाचे तर कायद्याने एकोणिसाव्या शतकातील एक प्रश्न टाकून देऊन त्याच्या जागी दुसरा प्रश्न कसा आणला, हे प्रथम पाहिले पाहिजे.

१. दोषाचा नियम

इंग्लंडातील रूढ कायद्याचा, आणि त्याच्या अनुकरणाने हिंदुस्थानातील दिवाणी न्यायालयांचाही, मूळ नियम असा की, ज्याच्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्यास इजा झाली त्याने ती भरून द्यावी. हा नियम दिसण्यास न्याय्य आहे. परंतु कामगार जेव्हा आपल्याच मालकाविरुद्ध न्यायालयात उभा राहू लागला, तेव्हा त्याच्यापुढे तीन भिंती उभ्या राहिल्या.

पहिली भिंत ‘समान सेवे’ची. १८३७ मध्ये इंग्लंडात प्रीस्टली विरुद्ध फाउलर हा खटला निर्णीत झाला. एका खाटकाच्या नोकराने मालकाच्या गाडीतून माल नेत असता, गाडीत अतोनात भार घातल्यामुळे ती मोडली आणि नोकराची मांडी मोडली. पंचांनी त्यास शंभर पौंड दिले. न्यायालयाने ते नाकारले. अशी जबाबदारी मान्य केल्यास तिला अंतच राहणार नाही, अशी भीती न्यायाधीशांना वाटली. ह्या निर्णयापासून पुढे असे तत्त्व रूढ झाले की, एका मालकाच्या पदरी असलेल्या दोन नोकरांपैकी एकाच्या चुकीने दुसऱ्यास इजा झाली, तर मालक त्यास जबाबदार नाही. गिरणीत किंवा खाणीत कामगारास जी इजा होते ती बहुधा कोणा सहकाऱ्याच्या हातून होते. मालक स्वतः यंत्राजवळ उभा नसतो. त्यामुळे ह्या तत्त्वाने बहुतेक दावे मुळातच खुडले गेले.

दुसरी भिंत ‘धोक्याच्या स्वीकृती’ची. जो कामगार धोका जाणून कामावर राहिला त्याने तो धोका पत्करला, असे मानले जाई. मग पोटासाठी काम सोडणे त्यास शक्य नसले तरी चिंता नाही. तिसरी भिंत ‘स्वतःच्या हयगयी’ची. कामगाराची थोडीशीही चूक इजेस कारण झाली असेल तर सारा दावाच बुडे.

कामगार मरण पावला तर परिस्थिती याहूनही कठीण होती. व्यक्तीचा दावा व्यक्तीबरोबर मरतो, असा जुना नियम होता. इंग्लंडात तो १८४६ च्या कायद्याने, व हिंदुस्थानात १८५५ च्या प्राणघातक अपघातांच्या कायद्याने सैल झाला आणि कुटुंबास दावा करण्याची मुभा मिळाली. पण तो दावाही मृतास स्वतःला करता आला असता तरच कुटुंबास करता येई. म्हणजे दोष सिद्ध करण्याचे ओझे कायम राहिले. फरक एवढाच की, ते आता विधवेच्या शिरावर आले.

२. प्रश्नाचा पालट

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात एक निराळा विचार पुढे आला. कापूस, कोळसा आणि वाफ यांप्रमाणे अपघात हाही उद्योगाचा एक अटळ भाग आहे. हजार सांचे वर्षभर चालले म्हणजे काही हात त्यांत सापडणारच. मग ह्या हानीचा भार ज्याचा हात गेला त्याने एकट्याने का सोसावा? तो उत्पादनाच्या खर्चात का धरू नये? जर्मनीने १८८४ मध्ये अपघातविम्याचा कायदा केला, इंग्लंडने १८९७ मध्ये कामगार-नुकसानभरपाईचा कायदा केला. हिंदुस्थानात असा कायदा १९२३ मध्ये संमत होऊन १ जुलै १९२४ पासून अमलात आला.

ह्या कायद्यांनी ‘दोष कोणाचा?’ हा प्रश्न बाजूस सारला आणि ‘काम कोणाचे?’ हा प्रश्न पुढे आणला. मालकाने कितीही दक्षता घेतली असली तरी त्याच्या कामात इजा झाली म्हणजे भरपाई देय होते. ह्या पालटात दोन्ही पक्षांनी काही दिले आणि काही घेतले. कामगारास दोष सिद्ध करण्याच्या ओझ्यातून मुक्तता मिळाली. पण त्याच्या वेदनेचे व दुःखाचे मोल मागण्याचा हक्क ह्या मार्गापुरता त्याने सोडला. मालकावर निरपवाद जबाबदारी आली. पण तिचे माप आधीच ठरले, आणि त्यामुळे तिचा विमा उतरविणे त्यास शक्य झाले. कामगारास थोडे, परंतु निश्चित व सत्वर मिळावे, हा ह्या व्यवहाराचा आत्मा होय.

पुढे १९२९ मध्ये नेमलेल्या शाही मजूर आयोगाने ह्या कायद्याची पाहणी केली. मुंबईच्या गिरणी कामगारांत ज्यांनी आयुष्य वेचले ते ना. म. जोशी ह्या आयोगाचे एक सभासद होते. आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानंतर १९३३ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, आणि १९३८ च्या मालक-दायित्वाच्या कायद्याने दिवाणी दाव्यांतील ‘समान सेवा’ व ‘धोक्याची स्वीकृती’ ह्या दोन भिंती पाडण्याचा मार्ग खुला झाला. प्रत्यक्ष इंग्लंडात समान सेवेचे तत्त्व पूर्णपणे नष्ट होण्यास १९४८ साल उजाडले. त्याच वर्षी भारतात कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला. बी. पी. अदारकर यांनी १९४४ मध्ये सादर केलेला अहवाल त्याच्या मुळाशी होता. ह्या योजनेत भरपाईची जबाबदारी मालकाकडून विमा महामंडळाकडे जाते.

१९२३ च्या कायद्याचे नाव २०१० पासून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा असे झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो व विमा कायदा हे दोन्ही सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाले आहेत. त्या तारखेपूर्वीच्या अपघातांतून उत्पन्न झालेले हक्क मात्र जुन्या कायद्याप्रमाणेच पाहिले जातात. संहितेत आयुक्ताच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ आला आहे. परंतु हक्काचे मूळ सूत्र बदललेले नाही.

३. हक्काची अंगे

ते सूत्र असे : नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात घडलेल्या अपघाताने कर्मचाऱ्यास शारीरिक इजा झाली असेल, तर मालकाने भरपाई द्यावी. ह्या छोट्याशा वाक्याचा प्रत्येक शब्द न्यायालयांत शंभर वर्षे घासला गेला आहे.

इजेमुळे तीन दिवसांपेक्षा अधिक काळ काम करण्याची शक्ती गेली असली पाहिजे; किरकोळ खरचटण्यास भरपाई नाही. कामगार दारूच्या वा मादक पदार्थाच्या अमलाखाली असेल, त्याने सुरक्षिततेसाठी दिलेली स्पष्ट आज्ञा हेतुपुरस्सर मोडली असेल, किंवा यंत्राचे संरक्षक साधन जाणूनबुजून काढून टाकले असेल, आणि त्यामुळे अपघात घडला असेल, तर मालक जबाबदार नाही. तथापि ह्या अपवादालाही एक मर्यादा आहे. इजेचा परिणाम मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व असा झाला असेल तर हा बचाव चालत नाही. कारण तेथे शिक्षा चूक करणाऱ्यास न होता त्याच्या मुलाबाळांस होईल. केवळ दुर्लक्ष किंवा अनवधान यांचा तर ह्या अपवादांत समावेशच नाही. थकलेल्या कामगाराचे लक्ष क्षणभर ढळणे हाही उद्योगाच्या धोक्याचाच एक भाग, हे कायद्याने मान्य केले आहे.

अपघात म्हणजे एका क्षणात घडणारी घटनाच असे नाही. धूळ, विषारी धातू, रसायने यांमुळे वर्षानुवर्षे हळूहळू जडणारे रोगही परिशिष्टात नमूद केले आहेत, आणि त्या त्या धंद्यातील कामगारास ते जडल्यास तो अपघातच समजला जातो. खडी फोडणाऱ्याच्या व खाणकामगाराच्या फुप्फुसांत सिलिकेची धूळ साचून होणारा सिलिकोसिस आणि कापसाच्या धुळीने गिरणी कामगारास जडणारा बिसिनोसिस हे दोन्ही ह्या यादीत आहेत. कामगार बहुधा नोकरी सुटल्यानंतर डॉक्टरकडे जातो आणि तेव्हा रोगाचा कामाशी असलेला संबंध कागदावर उरलेला नसतो. म्हणून अशा रोगांच्या बाबतीत हजेरीपट व वैद्यकीय तपासणीचे कागद यांचे महत्त्व फार आहे.

४. काळ, स्थळ आणि कारण

‘नोकरीच्या ओघात’ ह्या शब्दांचा संबंध मुख्यतः काळाशी व स्थळाशी आहे, तर ‘नोकरीमुळे’ ह्या शब्दाचा कारणाशी. दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. कारखान्यात पाळीवर असताना जुन्या वैरातून कोणी कामगारास भोसकले, तर ते नोकरीच्या ओघात खरे. पण नोकरीमुळे असे म्हणणे कठीण. उलट पहारेकऱ्यावर चोरांनी हल्ला केला तर दोन्ही अटी पुऱ्या होतात, कारण तो धोका त्याच्या कामातूनच उद्भवतो.

कामाचा ओघ कोठे सुरू होतो व कोठे संपतो? सर्वसाधारण नियम असा की, तो कामाच्या जागी सुरू होतो आणि कामाची जागा सोडली की संपतो. परंतु कारखान्याच्या फाटकावर रेघ ओढून हा प्रश्न सुटत नाही हे न्यायालयांनी लवकरच ओळखले, आणि कामाच्या स्थळकाळाचा फाटकाच्या अलीकडे-पलीकडे वाजवी विस्तार मानण्याचे तत्त्व मान्य केले. हा विस्तार कोठवर मानावा याविषयी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला १९५८ चा. पोरबंदरजवळील एका मिठागरावरील कामगार खाडी ओलांडण्यासाठी होडीचा उपयोग करीत. एके दिवशी होडी उलटून काही कामगार बुडाले. वाजवी विस्ताराचे तत्त्व मान्य करूनही न्यायालयाने भरपाई नाकारली. खाडीवरील ती वाट कोणालाही वापरता येण्यासारखी होती; तेथे कामगार हा कामगार म्हणून नव्हे, तर इतर कोणाही नागरिकाप्रमाणे होता, असा त्यामागील तर्क होता.

दुसरा १९६३ चा, आणि मुंबईचा. ‘बेस्ट’चा एक बसचालक दिवसाचे काम आटोपून, आपली बस जोगेश्वरीच्या आगारात ठेवून, सांताक्रूझ येथील घरी जाण्यासाठी ‘बेस्ट’च्याच दुसऱ्या बसमध्ये बसला. ती बस रस्त्यावर उभ्या असलेल्या एका मालमोटारीवर आदळली आणि तो प्राणास मुकला. त्याचे काम संपले होते, तो आगाराबाहेर होता, तो घरी जात होता. तरीही न्यायालयाने बहुमताने त्याच्या विधवेच्या बाजूने निर्णय दिला. मुंबईसारख्या अफाट शहरात चालक वेळेवर हजर राहावेत व सेवा सुरळीत चालावी, ह्यासाठीच त्यांना गणवेशात विनामूल्य प्रवासाची मुभा होती. म्हणून तो प्रवास सवलत नसून सेवेचाच एक भाग होता, असे न्यायालयाने मानले.

होडी आणि बस यांतील हा फरक सूक्ष्म आहे, पण निराधार नाही. मालकाच्या कामासाठी, मालकाच्या व्यवस्थेने आणि मालकाच्या हिताकरिता झालेला प्रवास एका बाजूस. सर्वांस खुल्या वाटेवरचा प्रवास दुसऱ्या बाजूस. मात्र मिठागराच्या कामगारास त्या खाडीवाचूनची दुसरी वाट फार लांबची होती हे लक्षात घेतले, म्हणजे ही रेघ त्याच्या आश्रितांस किती कठोर वाटली असेल याची कल्पना येते.

कारणाच्या अटीची कसोटीही तितकीच नाजूक आहे. मुंबईच्या आयुक्तांपुढे आलेल्या एका प्रकरणात एक खलाशी जहाजावरून नाहीसा झाला. प्रेत सापडले नाही, कोणी त्यास पडताना पाहिले नाही. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, नोकरीचा व मृत्यूचा संबंध दाखविण्याचा भार मागणी करणारावर आहे. परिस्थितीवरून अनुमान काढता येते हे खरे. पण अनुमानास काही तरी आधार हवा. तो तेथे नव्हता.

हृदयविकाराने आलेल्या मृत्यूंच्या बाबतीत हाच प्रश्न वारंवार उभा राहतो. २००६ मध्ये वाहनावरील एका क्लीनरच्या मृत्यूबाबत न्यायालयाने भरपाई नाकारली. कामाच्या ताणाने रोग बळावला असे दाखविणारा पुरावाच नव्हता; केवळ नोकरीवर असता मरण आले एवढे पुरेसे नाही, असे ठरले. उलट २०१२ च्या एका निर्णयात दिल्लीहून निघून ११५२ किलोमीटर मालमोटार हाकीत आलेल्या चालकाने रस्त्याच्या कडेस वाहन उभे केले आणि तो कोसळला. तेथे त्या दीर्घ व अविश्रांत श्रमाचा मृत्यूशी संबंध मानून न्यायालयाने भरपाई दिली. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे. फरक पडला तो श्रमाच्या पुराव्याने.

५. घर आणि कारखाना यांमधील वाट

आता आरंभी सांगितलेल्या पहारेकऱ्याच्या प्रकरणाकडे वळता येईल. केरळातील एक कामगार पाळी सुरू होण्यास पंधरा मिनिटे असताना सायकलवरून कारखान्याकडे निघाला होता. कारखान्यापासून सुमारे एक किलोमीटरवर त्यास अपघात झाला. विमा कायद्याखालील ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले की, सार्वजनिक रस्त्यावरील हा धोका सर्वांनाच समान असून तो नोकरीतून उद्भवलेला नाही. एक किलोमीटरवर जर हक्क संपत असेल, तर पाच किलोमीटरवर तो कोठून उरावा? मुंबई उच्च न्यायालयापुढे हाच तर्क होता.

परंतु मध्यंतरी संसदेने विमा कायद्यात दुरुस्ती केली होती. १ जून २०१० पासून अमलात आलेल्या ह्या दुरुस्तीने, घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी परतताना झालेला अपघात, त्याची परिस्थिती, काळ व स्थळ यांचा नोकरीशी संबंध प्रस्थापित झाल्यास, नोकरीमुळे व नोकरीच्या ओघात घडलेला समजावा, असे ठरविले. पण पहारेकऱ्याच्या कुटुंबापुढे दोन अडचणी होत्या. ही दुरुस्ती विमा कायद्यात झाली होती, १९२३ च्या कायद्यात नाही. आणि ती अपघातानंतर सात वर्षांनी झाली होती.

सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही अडचणी दूर केल्या. दोन्ही कायद्यांचा हेतू एकच, दोहोंतील शब्दप्रयोग एकच. तेव्हा एकात केलेला खुलासा दुसऱ्याचा अर्थ लावताना उपयोगात आणणे योग्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. शिवाय ही दुरुस्ती नवा हक्क निर्माण करणारी नसून जुन्या शब्दांविषयीचा संदेह दूर करणारी आहे, म्हणून ती पूर्वीच्या घटनांसही लागू पडते, असेही ठरले. पहाटे तीनची पाळी, रात्रीच्या पहाऱ्याचे काम, आणि पाळीच्या वेळेशी जुळणारा प्रवास, ह्या सर्वांवरून अपघाताचा नोकरीशी संबंध स्पष्ट होता. आता संहितेनेच हा नियम भरपाईच्या प्रकरणासही शब्दशः लागू केला आहे, त्यामुळे हा वाद यापुढे त्या स्वरूपात उपस्थित होऊ नये.

तथापि प्रत्येक वाट कामाची वाट होत नाही हेही ध्यानात ठेवले पाहिजे. संबंध ‘प्रस्थापित’ व्हावा लागतो. पाळी संपल्यावर खासगी कामासाठी दुसऱ्या गावी वळलेल्या कामगाराचा, किंवा कामाच्या वेळेशी मेळ नसलेल्या प्रवासाचा प्रश्न निराळा आहे. वाट, वेळ आणि हजेरीची नोंद ह्या तीन गोष्टी पुढील काळात निर्णायक ठरतील.

६. भरपाईचे माप

भरपाई इजेच्या वेदनेवर मोजली जात नाही. गमावलेल्या कमाईच्या शक्तीवर मोजली जाते. मृत्यूच्या बाबतीत मासिक वेतनाची निम्मी रक्कम आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या बाबतीत शेकडा ६० रक्कम घेऊन ती वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणतात. वय जितके कमी तितका गुणक मोठा, कारण बुडालेली कमाईची वर्षे अधिक. १९२३ च्या कायद्याखाली ३ जानेवारी २०२० पासून ह्या हिशेबासाठी मासिक वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाई. चाळीस वर्षांच्या कामगाराचा गुणक १८४.१७ आहे. तेव्हा त्याच्या मृत्यूची भरपाई ७,५०० गुणिले १८४.१७ म्हणजे १३,८१,२७५ रुपये आणि पूर्ण अपंगत्वाची ९,००० गुणिले १८४.१७ म्हणजे १६,५७,५३० रुपये होते. अंशतः अपंगत्वासाठी परिशिष्टात शेकडेवारी दिली आहे. अंगठा तुटल्यास कमाईची शक्ती शेकडा ३० ने घटते असे मानले जाते. म्हणून त्याच कामगारास ४,९७,२५९ रुपये मिळतील. तात्पुरत्या अपंगत्वात मासिक वेतनाच्या चौथ्या हिश्शाइतकी रक्कम दर पंधरवड्यास देय असते.

परंतु शेकडेवारीचे हे कोष्टक यंत्रासारखे वापरावयाचे नाही. ओरिसातील एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर तोडावा लागला. कोष्टकाप्रमाणे हे अंशतः अपंगत्व होय, असे मालकाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या अखेरीस दिलेल्या निर्णयात म्हटले की, एका हाताने सुतारकाम करता येत नाही. त्या धंद्यापुरता तो पूर्णपणे अपंग झाला आहे. हात किती गेला यापेक्षा धंदा किती गेला हे पाहावयाचे, हे तत्त्व तेव्हापासून दृढ झाले. त्याच निर्णयात आणखी एक महत्त्वाची गोष्ट ठरली : भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, आयुक्तांनी निकाल दिल्याच्या दिवशी नव्हे.

विलंबाविरुद्ध कायद्याने तीन उपाय योजिले आहेत. देय झाल्यापासून एक महिन्यात रक्कम न दिल्यास शेकडा १२ प्रमाणे व्याज द्यावे लागते. विलंबास योग्य कारण नसेल तर शेकडा ५० पर्यंत दंडही बसतो. आणि मालकास अपील करावयाचे असेल तर रक्कम आधी जमा करावी लागते. मृत्यूच्या बाबतीत ही रक्कम मालकाने परस्पर विधवेच्या हाती ठेवणे हे कायद्याच्या दृष्टीने भरपाई देणे नव्हे. ती प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. दुःखाच्या पहिल्या दिवसांत थोडी रक्कम देऊन कोऱ्या कागदावर अंगठा घेण्याच्या प्रकारास ह्या तरतुदीने आळा घातला आहे. हक्क सोडून देण्याचा करारही निरर्थक ठरतो.

७. दुसरे मार्ग

कामगारास हा एकच मार्ग मोकळा आहे असे नाही. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करता येत असेल तर तो दिवाणी न्यायालयात अधिक रकमेचा दावा करू शकतो. अपघात मोटारवाहनाचा असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. पण एकाच इजेसाठी दोन्ही दारे ठोठावता येत नाहीत. एकदा एक मार्ग स्वीकारला की दुसरा बंद होतो. म्हणून निवड करण्यापूर्वी दोष सिद्ध होण्याजोगा आहे काय, वेतन किती होते आणि किती काळ थांबणे शक्य आहे, ह्यांचा विचार करणे अगत्याचे असते. विमा योजनेखाली असलेल्या कर्मचाऱ्यास मात्र मालकाकडून भरपाई मागता येत नाही. त्याचा लाभ महामंडळाकडूनच मिळतो.

ज्यांस मालक कोण हेच निश्चित सांगता येत नाही, अशा कामगारांचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. कंत्राटदारामार्फत काम करविणाऱ्या मुख्य मालकास कायद्याने जबाबदार धरले आहे, आणि त्याने भरलेली रक्कम मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करण्याची मुभा त्यास दिली आहे. परंतु ह्यासाठी काम मुख्य मालकाच्या धंद्याचाच भाग असावे लागते व अपघात त्याच्या ताब्यातील जागेत किंवा तिच्या आसपास घडावा लागतो. मुकादमाने आणलेल्या ऊसतोड कामगारास शेतकऱ्याच्या फडात इजा झाली, तर ती जागा आपल्या ताब्यातील नाही, असा बचाव कारखाना घेऊ शकतो. म्हणजे दोषाची जुनी भिंत पडली तरी तिच्या जागी जागेची नवी भिंत उभी राहण्याचा संभव आहे.

समारोप

दोष सिद्ध करण्याच्या जाचातून कामगारास सोडवावे हा १९२३ च्या कायद्याचा हेतू होता, आणि तो पुष्कळ अंशी सफल झाला. परंतु दोषाची जागा ‘नोकरीमुळे’ व ‘नोकरीच्या ओघात’ ह्या शब्दांनी घेतली आणि वादाचे सारे वजन त्यांवर येऊन पडले. हे शब्द संकुचितपणे वाचले तर टाकून दिलेले ओझे निराळ्या रूपाने पुन्हा कामगाराच्या घरी येते. ते उदारपणे वाचले तर कायद्याचा मूळ व्यवहार, म्हणजे थोडे, पण निश्चित व सत्वर देण्याचा व्यवहार, पुरा होतो. खाडीवरील होडीपासून जोगेश्वरीच्या बसपर्यंत, आणि तेथून साखर कारखान्याच्या वाटेपर्यंत ह्या शब्दांचा अर्थ हळूहळू रुंदावत गेला आहे. तो रुंदावला तो बहुतांशी विधवांनी व आश्रितांनी नेटाने चालविलेल्या दाव्यांमुळे.

पहारेकऱ्याच्या कुटुंबास अखेर न्याय मिळाला. पण ‘सत्वर’ हा शब्द मात्र त्यांच्या बाबतीत खोटा ठरला. नव्या संहितेने वाटेवरील अपघाताविषयीचा संदेह दूर केला आहे. आता उरलेले काम अंमलबजावणीचे आहे. ज्या भरपाईचा दर महिन्याच्या शिधापाण्याशी संबंध आहे ती बावीस वर्षांनी हाती येत असेल, तर तिचे गणित कितीही अचूक असले तरी तिचा उद्देश अर्धाच साधला, असे म्हणावे लागते.